‘थांबा’ हे अर्धंच वाक्य आहे

वयात येणाऱ्या मुलामुलींना शाळेत काय सांगावं यावर आपल्याकडे दर काही वर्षांनी वाद पेटतो. दर वेळी एक गट ‘संयम’ हा शब्द घेऊन उभा राहतो. लग्नापर्यंत थांबा एवढं शिकवा, बाकी काही शिकवायची गरज नाही, असं या गटाचं म्हणणं असतं. हा गट तंजावरात आहे, पुण्यात आहे आणि अमेरिकेतही आहे. मी तंजावरच्या मराठी घरात वाढले आणि इथल्याच शाळांमध्ये ३० वर्षं जीवशास्त्र शिकवलं. या गटातल्या पालकांशी मी पालकसभेत भांडले आहे आणि त्यांच्या घरी बसून कॉफीही प्यायले आहे. ती माणसं वाईट नाहीत. आपल्या पोरांचं भलं व्हावं, एवढंच त्यांना हवं असतं. पण ते जे शिकवू पाहतात त्याला संयम म्हणायला माझी हरकत आहे. ते गप्प बसणं आहे, आणि गप्प बसण्याला सोवळं नेसवलं म्हणून त्याचा संस्कार होत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘थांबा’ हे अर्धंच वाक्य आहे. कशापासून थांबायचं, का थांबायचं, समोरचा थांबत नसेल तर काय करायचं आणि थांबणं जमलं नाही तर कुणाकडे जायचं, या चार प्रश्नांची उत्तरं दिली तर ते वाक्य पुरं होतं. ती न देता नुसतं ‘थांबा’ म्हणणारा मोठा माणूस स्वतःची सुटका करून घेतो. मूल होतं तिथंच राहतं.

आधी जे मान्य आहे ते मान्य करते. १५ वर्षांच्या मुलीनं किंवा मुलानं थांबावं असं मलाही वाटतं. त्या वयात शरीर पुढे धावतं आणि समज मागून येते; चुकीची किंमत मात्र तेव्हाच मोजावी लागते, आणि बहुतेक वेळा ती मुलगी मोजते. संयमाची टिंगल मला करायची नाही. आमच्या गावात समर्थ रामदासांच्या शिष्यपरंपरेचे मठ आहेत. ब्रह्मचर्य म्हणजे काय ते आम्हाला कुणी बाहेरून येऊन सांगायला नको. पण तो रस्ता ज्यांनी धरला त्यांनी जाणतेपणी धरला. आपण काय सोडतो आहोत हे ज्याला ठाऊक आहे तोच ते सोडू शकतो. ज्याला काही ठाऊकच नाही त्याच्यापाशी फक्त अज्ञान असतं, आणि ते पहिल्या धक्क्याला कोसळतं.

आता आमच्या घरांकडे या. तंजावरच्या मराठी मुलाला तीन भाषा येतात. घरात व्यंकोजीराजांच्या काळापासून साडेतीनशे वर्षं टिकवलेली मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी. या तिन्ही भाषा मिळून त्याच्याकडे स्वतःच्या शरीरासाठी एक धड शब्द नसतो. घरी ‘शूची जागा’ असते. पाळी आली की मराठीत कावळा शिवतो, बाई ‘बाहेरची’ होते. तमिळमध्ये ती ‘दूरम्’ होते, म्हणजे तीच, लांब बसलेली. इंग्रजी पुस्तकात आकृती असते, बाण असतात, परीक्षेत पाच मार्क असतात, पण त्या आकृतीचा आपल्याशी काही संबंध आहे असं वर्गात कुणी म्हणत नाही. तिन्ही भाषांत उरतात त्या शिव्या. त्या मात्र पोराला दहाव्या वर्षीच पाठ असतात.

आणि हेच गाव मुलगी वयात आली की मंडप घालतं. मंजळ नीराट्टु विळा, म्हणजे हळदीच्या पाण्यानं न्हाऊ घालण्याचा सोहळा. हॉल घेतात, पत्रिका छापतात, चौकात मुलीच्या फोटोचा फ्लेक्स लागतो, मामा ताटांची रांग घेऊन वाजतगाजत आहेर आणतो. महाराष्ट्रातही आजी-पणजीच्या पिढीत न्हाण आलं की मुलीला मखरात बसवत. अख्ख्या गल्लीला कळतं की पोर मोठी झाली. मोठी झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे त्या पोरीला सांगायला मंडपातल्या माणसांपैकी एकाचंही तोंड उघडत नाही. आपण गुपित पाळतो म्हणून गप्प असतो असं म्हणावं, तर गुपित आपणच चौकात टांगलेलं असतं. गप्प असतो ते अवघडल्यामुळे. त्या अवघडलेपणाला संस्कृतीचं नाव देऊ नये.

संयमवाद्यांचा पहिला मुद्दा असा की सांगितलं म्हणजे मुलं करून बघतात. वाटच दाखवू नका. हा मुद्दा तपासता येतो, आणि तो तपासला गेलेला आहे. २००७ हे एकच साल घ्या. केंद्राच्या शिक्षण खात्यानं आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं २००५ मध्ये किशोरवयीनांसाठी एक शिक्षण कार्यक्रम आणला होता. त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि २००७ मध्ये महाराष्ट्रानं तो शाळांतून बंद केला. मध्य प्रदेश, कर्नाटक, गुजरात यांनीही तीच वाट धरली. त्याच वर्षी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा बाल अत्याचारांवरचा अभ्यास बाहेर आला. १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून तो केला होता. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार आपल्यावर झाल्याचं सांगितलं. त्यात मुलगेही होते, आणि ते मुलींपेक्षा कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले लोक होते.

त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत तिसरा कागद छापून आला. १९९६ च्या कायद्यानुसार तिथलं केंद्र सरकार ‘लग्नापर्यंत संयम’ शिकवणाऱ्या कार्यक्रमांना दरसाल ५ कोटी डॉलर देत होतं. अशा चार कार्यक्रमांतल्या आणि त्यांच्या बाहेरच्या मिळून २ हजारांहून अधिक मुलांचा काही वर्षं मागोवा घेतला गेला. दोन्ही गटांत फरक सापडला नाही. ज्यांचे संबंध आले त्यांचं पहिल्या वेळचं सरासरी वय दोन्हीकडे तेच निघालं, १४.९ वर्षं. म्हणजे एवढा पैसा ओतून ‘थांबा’ शिकवलं आणि कुणी जास्त थांबलं नाही. उलट बाजूनं पाहिलं, तर युनेस्कोनं २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत जगभरचे अभ्यास चाळून सांगितलं की नीट शिक्षण दिल्यानं मुलं लवकर संबंधांकडे वळतात असं दिसत नाही.

तिन्ही कागद एकाच वर्षी आपल्यासमोर होते. आपण त्यातून काय घेतलं? २००९ मध्ये एम. वेंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीनं अहवाल दिला: शाळेत लैंगिक शिक्षण नको, लग्नाआधी संबंध अनैतिक आणि आरोग्याला घातक आहेत हा संदेश द्या, आणि संतांची व राष्ट्रपुरुषांची चरित्रं शिकवा. संतचरित्रं मी आनंदानं शिकवीन. पण मुलीला रोज रात्री ज्या काकाच्या खोलीतून पाणी आणायला पाठवतात, त्या काकाबद्दल कुठलं संतचरित्र तिच्या कामी येणार आहे, हे समितीनं सांगितलं नाही. १५ वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल फिरवताना सर्वोच्च न्यायालयानं लैंगिक शिक्षण ही पाश्चात्त्य कल्पना आहे आणि ती मुलांना बिघडवते, हा समज खोडून काढला. त्या निकालात महाराष्ट्रातल्या ९०० हून अधिक किशोरवयीनांच्या अभ्यासाचा दाखला आहे: ज्यांना शास्त्रीय माहिती मिळाली नव्हती, तीच मुलं लवकर संबंधांकडे वळण्याची शक्यता जास्त दिसली.

‘पाश्चात्त्य खूळ’ हा दुसरा मुद्दा. तो तंजावरात उभं राहून मांडायला धाडस लागतं. प्रतापसिंहराजांच्या दरबारात, म्हणजे १७३९ ते १७६३ या काळात, मुद्दुपळनी नावाची गणिका होती. तिनं तेलुगूत ‘राधिका सांत्वनमु’ हे काव्य रचलं. त्यात राधा मोठी, अनुभवी बाई आहे. तिनंच वाढवलेल्या इळेचं लग्न ती कृष्णाशी लावून देते. नव्या नवरीला काय वाटत असेल, तिच्याशी किती हळुवार वागायचं, हे ती कृष्णाला सांगते, आणि इळेलाही चार गोष्टी सांगते. मराठी राजाच्या राज्यात, तेलुगू भाषेत, तमिळ मुलखात एक बाई लिहीत होती की मोठ्यांनी बोलायचं असतं, आणि बोलायचं असतं ते दोघांशी.

१९१० मध्ये बंगळूर नागरत्नम्मांनी हे काव्य मूळ पोथीवरून पुन्हा छापलं. तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी उभी करण्यासाठी आपलं सगळं दिलं त्या याच नागरत्नम्मा. १९११ मध्ये इंग्रज सरकारनं पुस्तक अश्लील ठरवून प्रती जप्त केल्या. बंदी उठायला १९४७ उजाडलं. त्या दरबाराचे गोडवे मला गायचे नाहीत. तेव्हा पोरींची लग्नं खेळायच्या वयात होत, आणि गणिकेच्या घरी जन्मलेल्या मुलीला तिची मर्जी कुणी विचारत नसे. मी एवढंच म्हणते की या मातीत बोलणं आधीपासून होतं. त्यावर कुलूप घातलं ते गोऱ्या सरकारनं, आणि किल्ली आपण अजून जपून ठेवली आहे.

महाराष्ट्राची गोष्ट वेगळी नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला २०० रुपये. प्रश्न वाचकांचे होते हे ध्यानात घ्या. लोक विचारत होते. दंड उत्तर देणाऱ्याला झाला.

संयमाची बाजू घेणारे गांधीजींचं नाव घेतात, आणि बरोबर घेतात. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला त्यांना भेटल्या, तेव्हा संततिनियमनाच्या साधनांऐवजी संयमच हवा, या मतावर ते ठाम राहिले. मला त्यांचं मत पटत नाही. पण एक गोष्ट बघा: संयमाचा एवढा मोठा पुरस्कर्ता आपल्याकडे दुसरा झाला नाही, आणि या विषयावर स्वतःचं मन एवढं उघडं करून लिहिणाराही दुसरा झाला नाही. सँगरबाईंशी झालेलं बोलणं ‘हरिजन’मध्ये छापून आलं. जो संयम ते मागत होते तो बोलून, लिहून, वाद घालून मागत होते. आजच्या संयमवाद्यांनी त्यांच्याकडून संयम घेतला आणि बोलणं तेवढं मागे ठेवलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त बोचते. ‘थांबा’ हे कुणाला सांगितलं जातं? तमिळमध्ये ‘कर्पु’ असा शब्द आहे. पातिव्रत्य, शील, दोन्ही त्यात येतं. त्याची देवता म्हणजे ‘सिलप्पदिकारम्’मधली कण्णगी, आमच्या जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या पुहारची. तिचा नवरा कोवलन माधवीकडे गेला, पैसा उधळून परत आला, आणि कण्णगीनं आपलं पैंजण काढून दिलं. पुढे पांड्य राजानं कोवलनला चोर समजून मारलं तेव्हा तिच्या कर्पुच्या तेजानं मदुरा जळाली. हजारो शाळकरी मुली ही गोष्ट शिकतात. कर्पु कोवलनकडेही असायला हवा होता का, हा प्रश्न धड्याखाली कधी येत नाही.

२००५ मध्ये अभिनेत्री खुशबू यांनी एका तमिळ नियतकालिकाच्या सर्वेक्षणाच्या निमित्तानं मत दिलं. लग्नाआधी संबंध आलेच तर मुलींनी गर्भधारणेपासून आणि रोगांपासून जपावं, आणि शिकल्यासवरल्या पुरुषानं बायको कुमारिकाच हवी असा हट्ट धरू नये, अशा अर्थाचं ते होतं. राज्यभर मोर्चे निघाले, त्यांच्यावर २३ फौजदारी तक्रारी दाखल झाल्या. सर्वोच्च न्यायालयानं त्या रद्द केल्या तेव्हा एप्रिल २०१० संपत आला होता. पाच वर्षं चर्चा चालली ती तमिळ स्त्रीच्या कर्पुची. ‘जपावं’ या शब्दाकडे कुणी वळून पाहिलं नाही.

इथल्याच एका शाळेत, नाव महत्त्वाचं नाही, संयमावर व्याख्यान ठेवलं होतं. मुलग्यांना मैदानावर खेळायला सोडलं. मुलींना हॉलमध्ये बसवलं. वक्त्यानं एक टपोरा गुलाब काढला आणि प्रत्येकीनं हातात धरून, वास घेऊन पुढे द्यायला सांगितलं. ६० हातांतून फिरून तो परत आला तेव्हा पाकळ्या गळाल्या होत्या. ‘आता हा देवाला कोण वाहील?’ असं त्यानं विचारलं. मुली खाली बघत राहिल्या. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते.

माझ्या प्रयोगशाळेत चपलांचं एक रिकामं खोकं असे. नाव न लिहिता प्रश्न टाकायचा आणि शुक्रवारी मी वर्गात उत्तर द्यायचं, असा रिवाज होता. त्या शुक्रवारी खोक्यात एक तमिळ चिठ्ठी निघाली: ‘टीचर, फूल स्वतःहून गेलं नसेल आणि हात घरातलाच असेल तर?’

त्या व्याख्यानानं त्या मुलीला काय दिलं ते बघा. तिच्यावर जे झालं त्याचा दोष तिच्या पदरात टाकला, आणि तोंड उघडलं तर आपण गळालेला गुलाब ठरू, ही भीती दिली. तिला ‘थांबा’ सांगून काय उपयोग? थांबायला हवं होतं दुसऱ्याच कुणी तरी, आणि त्याला कुणी हॉलमध्ये बोलावलं नव्हतं. मी वर्गात तीन वाक्यं सांगितली: असं झालं तर चूक तुझी नाही. एका मोठ्या माणसानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग. कुणीच नसेल तर १०९८ लाव, पैसे पडत नाहीत. सोमवारी मधल्या सुट्टीत ती मुलगी आपणहून आली. पुढे कायद्यानं जे करायचं ते झालं. ते इथं लिहिणार नाही, ती गोष्ट तिची आहे. पण ती आली ती गुलाबामुळे नव्हे.

संयमवाद्यांचा चौथा आधार म्हणजे लग्न. लग्नापर्यंत थांबा, पुढे सगळं सुरक्षित आहे. या विधानाचा खोटेपणा ज्यांनी कागदावर आणला त्यांत एक नाव आपल्यातलंच आहे. डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी चेन्नईतल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले, आणि भारतात एचआयव्ही असल्याचा पहिला पुरावा समोर आला. १९९३ मध्ये सुनीतीताईंनी वडिलांच्या नावानं वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. तिथं कोण येत होतं? त्या केंद्रातल्या रुग्ण स्त्रियांवर २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या शीर्षकातच लग्न, एकनिष्ठा आणि एचआयव्ही हे तीन शब्द शेजारी शेजारी आहेत. बहुतेक जणी गृहिणी होत्या. त्यांचा संबंध आयुष्यात एकाच पुरुषाशी आला होता, नवऱ्याशी. म्हणजे या बायकांनी संयमाचा प्रत्येक नियम पाळला होता. लग्नापर्यंत थांबल्या, लग्नानंतर एकनिष्ठ राहिल्या, आणि तरी आजार घेऊन आल्या, कारण नवऱ्याला विचारायचे शब्द त्यांना कुणी दिले नव्हते आणि नवऱ्याला कुणी थांबवलं नव्हतं.

आणि लग्न तरी केव्हा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रिया होत्या, त्यांत १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्या तमिळनाडूत १२.८ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाल्या. पुरोगामी महाराष्ट्रात दर पाचातली एक. शाळेत या विषयावर बोलायला ‘अजून लहान आहे’ असलेली मुलगी मांडवात उभी करायला मोठी होते. घरच्यांना विचारा, ते सांगतात, ‘काही भलतंसलतं व्हायच्या आत उजवून टाकली.’ संयमाच्या नावानं चाललेला हा सगळ्यांत मोठा असंयम आहे, आणि तो मोठ्यांचा आहे.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांशी संबंध हा गुन्हा ठरवला. अत्याचारापासून संरक्षण हवंच होतं. पण १७ वर्षांची मुलगी आणि १९ वर्षांचा मुलगा प्रेमात पडून पळाले तरी तोच कायदा लागतो आणि पोराला तुरुंग दाखवतो. जानेवारी २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी असं एक प्रकरण रद्द करताना सांगितलं की किशोरवयातल्या प्रेमसंबंधांना शिक्षा करणं हा या कायद्याचा हेतू नव्हता. दिवस गेलेली मुलगी पोलिसांच्या धाकानं दवाखान्यात जायला घाबरते. म्हणून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की संमतीच्या संबंधातून गर्भ राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर डॉक्टरानं तिची ओळख पोलिसांना देण्याची सक्ती नाही. हे दोन्ही निकाल किती मुलींना ठाऊक आहेत? शाळेत सांगायचं नाही असं आपण ठरवलंय. म्हणून ती गल्लीतल्या कुणाकडून तरी गोळ्या आणते.

मुलग्यांकडे तर आपण बघतच नाही. माझ्या खोक्यातल्या मुलग्यांच्या चिठ्ठ्यांत सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न भीतीचा होता. रात्री झोपेत होतं तो आजार आहे का? ताकद जाते का? पुढे मूल होणार नाही का? ही भीती त्यांना रात्रीच्या टीव्हीवरचे वैद्य देतात. ‘तरुणपणीच्या चुकां’वर लेह्य विकणारे हे वैद्य अमुक तारखेला तमुक लॉजवर भेटतील, अशा जाहिराती बसस्टँडच्या भिंतीवर असतात. गरीब घरातला पोरगा त्यांना महिन्याची कमाई देऊन येतो. उरलेलं शिक्षण मोबाइल देतो, आणि तिथं बाईला ‘नाही’ म्हणता येतं हेच दाखवलेलं नसतं. शाळा गप्प, घर गप्प, म्हणून मुलं अडाणी राहतात असं नाही. ती शिकतात. कुणाकडून, एवढंच आपण त्यांच्यावर सोडलं आहे.

आमच्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सुनवते. लैंगिक शिक्षण म्हणजे रोगांची यादी आणि निरोधाचं प्रात्यक्षिक, असं समजणारे पुष्कळ आहेत. भीती त्यांच्याकडेही असते, फक्त नरकाऐवजी एड्सची. काही जण ‘थांबा’ म्हणायलाही बिचकतात, आपण जुनाट दिसू म्हणून. मी बिचकले नाही. वर्गात मी सांगत असे: थांबा. तुमचं शरीर तयार दिसतं, पण पोट राहिलं तर शाळा सुटेल, आणि ती हिची सुटेल, याची नाही. कुणी ‘प्रेम असेल तर सिद्ध कर’ म्हणालं तर ते प्रेम नव्हे. ‘नाही’ असं म्हणायचं, या आवाजात म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानं पहिल्याच वेळी ऐकायचं. तरी काही झालं, तर अमुक ठिकाणी जायचं, माझ्याकडे आलात तरी मी ओरडणार नाही. यात संयमाविरुद्ध काय आहे, ते मला आजवर कुठल्या पालकानं दाखवून दिलेलं नाही.

हे पालकांचं काम आहे, शाळेचं नाही, असंही म्हणतात. मग करा. माझी काही तक्रार नाही. आजच रात्री जेवणं झाल्यावर करा. पण करणार नसाल तर शाळेचा हात धरू नका. आणि ज्या घरात धोका घरातच आहे, तिथल्या मुलीला शाळेखेरीज दुसरा उंबरठा नाही, हे विसरू नका.

शाळांकडे माझी मागणी छोटी आहे. पाचवीपासून वयाला झेपेल तसं सांगा. मुलग्यांना मैदानावर धाडू नका. तेच व्याख्यान त्यांनीही ऐकू द्या, आणि शक्य तिथं एकाच वर्गात. शिक्षकाला आधी शिकवा, कारण तोही याच गप्प घरांतून आला आहे. प्रश्नांचं एक खोकं ठेवा, चपलांचं चालतं. त्यात आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्या, आणि उत्तर देणाऱ्याला नोकरी घालवावी लागणार नाही एवढं बघा.

आणि आमच्या तंजावरच्या मराठी घरांना सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरफोजीराजांनी इथं देवनागरी छापखाना घालून इसापनीती मराठीत आणली, ती मुलांच्या हाती द्यायला. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवत. मुलांना सांगणं आणि शरीराकडे न लाजता बघणं, दोन्ही या गावात आपल्याच भाषेत झालेलं आहे. तीन भाषा बोलणाऱ्या आपल्या मुलांना त्यांच्या शरीरासाठी तिन्हींतला एकेक धड शब्द देणं अवघड नाही. पाळी म्हणा, योनी म्हणा, लिंग म्हणा. हे शब्द आपल्याच कोशातले आहेत, आणि त्यांतले दोन तर देवळात बसून पूजा घेतात. पुढच्या वेळी घरात हळदीचं न्हाण असेल तेव्हा आत्यानं किंवा आईनं त्या मुलीला आधी आत नेऊन अर्धा तास बोलावं. तिच्या भावालाही शेजारी बसवावं. मग मंडपात आणावं. फ्लेक्स नाही लावला तरी चालेल.